मोठ्या अटॅकनंतरची अँजिओग्राफी: नळीचा धोका, थांबण्याचा धोका आणि घाटाचा धोका

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील 66 वर्षांचे, गाव देवगड तालुक्यातलं. शनिवारी रात्री जेवणानंतर छातीत दुखायला लागलं. पित्त समजून सोडा दिला, शेकलं, आणि तीन तासांनी ग्रामीण रुग्णालयात नेलं. ईसीजीत हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा अटॅक दिसला. गुठळी विरघळवण्याचं टेनेक्टेप्लेसचं इंजेक्शन तिथेच दिलं आणि तासाभरात दुखणं थांबलं. आज सोमवार, ते कणकवलीला आयसीयूत आहेत. टू-डी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग 30 टक्के, किडनीचं क्रिएटिनिन 1.7, साखरेचा आजार दहा वर्षांचा. डॉक्टर म्हणतात, कोल्हापूरला किंवा गोव्याला नेऊन अँजिओग्राफी करून घ्या. काका म्हणतात, "एवढो मोठो अटॅक इलो, आता नळी घालूची कित्याक?" त्यांच्या वाडीतले एक गृहस्थ अँजिओग्राफीच्या टेबलावरच गेले होते. आईला वाटतं, आता दुखत नाही तर गणपतीच्या आत घरी आणावं. मुलगी मुंबईहून रातोरात आली आहे आणि विचारते आहे: एवढ्या कमजोर हृदयाला ही तपासणी झेपेल का, सीटी स्कॅनवर भागेल का, आणि नाहीच केली तर काय होईल?

ताई, आधी सरळ उत्तर देतो. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून मी वडिलांची अँजिओग्राफी याच आजारपणात, घरी न्यायच्या आधी करून घेतली असती. पण आज रात्रीच मिळेल त्या गाडीत टाकून घाट चढवला नसता. उद्या सकाळी, मॉनिटर आणि शॉकचं मशीन असलेल्या ॲम्ब्युलन्समधून, पुढच्या हॉस्पिटलशी बोलणं करून मग नेलं असतं. असं का, ते जरा विस्ताराने सांगतो, कारण तुम्हाला काकांनाही समजवायचं आहे.

काकांची भीती मला हसण्यावारी न्यावीशी वाटत नाही. डॉक्टरांनाही एके काळी हीच भीती होती. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत नळीने थेट डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडून चित्र घेण्याची, म्हणजे या अँजिओग्राफीची, सुरुवात अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स यांनी 1958 साली केली, तीही अपघाताने: डाय महाधमनीत सोडायचा होता आणि नळीचं टोक हृदयाच्या उजव्या रक्तवाहिनीत, कोरोनरीत, शिरलं. पण त्यानंतर वीस वर्षं ताज्या अटॅकच्या रुग्णाला कॅथलॅबमध्ये, म्हणजे ही नळी घालण्याच्या खोलीत, न्यायला कुणी धजत नसे. नाजूक झालेल्या हृदयात नळी घालणं म्हणजे मरणाला बोलावणं, असाच समज होता. शिवाय गुठळी अटॅकमुळे होते की अटॅक गुठळीमुळे येतो, यावरही तेव्हा वाद होता. 1980 साली डीवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताज्या अटॅकच्या 322 रुग्णांची अँजिओग्राफी प्रसिद्ध केली. पहिल्या चार तासांत चित्र घेतलेल्यांपैकी 87 टक्क्यांत रक्तवाहिनी पूर्ण बंद होती. 12 ते 24 तासांनी घेतलेल्यांत हे प्रमाण 65 टक्के होतं. म्हणजे गुठळी आधी, अटॅक नंतर. आणि काही जणांत शरीर ती गुठळी स्वतःहून थोडीफार मोकळी करतं, पण तोवर स्नायू मेलेला असतो. आज आपण इंजेक्शन देतो, बलून फुगवतो, स्टेंट टाकतो, ते सगळं त्या चित्रांवर उभं आहे.

आता तुमच्या वाडीतल्या गृहस्थांबद्दल. त्यांची केस मला माहीत नाही, पण टेबलावर जाणारे रुग्ण कोण असतात ते माहीत आहे. बहुतेक वेळा बीपी पडलेलं असतं, हातपाय गार, लघवी बंद, फुप्फुसात पाणी. याला आम्ही कार्डिओजेनिक शॉक म्हणतो. अशा 302 रुग्णांवर झालेला शॉक नावाचाच एक अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना ताबडतोब अँजिओग्राफी करून रक्तवाहिनी उघडली किंवा बायपास केलं. बाकीच्यांना आधी औषधांवर स्थिर करायचा प्रयत्न केला. महिनाभरात पहिल्या गटातले 46.7 टक्के गेले, दुसऱ्यातले 56 टक्के. सहा महिन्यांनी आकडे होते 50.3 आणि 63.1. यातला पहिला आकडा नीट बघा. सगळं वेळेवर, चांगल्या हॉस्पिटलात करूनही जवळजवळ निम्मे वाचले नाहीत. गावाला दिसतं ते एवढंच: नळी घातली आणि माणूस गेला. नळी न घालता वॉर्डात जे गेले त्यांना मात्र "अटॅकने गेले" म्हणतात. जितका रुग्ण गंभीर तितके टेबलावरचे मृत्यू जास्त, आणि तितकाच त्या तपासणीचा फायदाही जास्त. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि गावच्या चर्चेत पहिलंच तेवढं उरतं.

तुमचे वडील शॉकमध्ये नाहीत. बीपी औषधाविना टिकून आहे, ऑक्सिजन लागत नाही, दुखणं नाही. स्थिर रुग्णात नुसत्या अँजिओग्राफीने मृत्यू होण्याचं प्रमाण हजारात एकापेक्षा कमी. मेंदूत गुठळी जाऊन पक्षाघात होण्याचं साधारण तेवढंच. सगळ्या मोठ्या गुंतागुंती एकत्र धरल्या तरी शंभरात एक-दोनच्या आत. अर्थात हे आकडे सगळ्या प्रकारच्या रुग्णांचे आहेत. ताजा अटॅक, 30 टक्के पंपिंग, साखर, अर्धवट काम करणारी किडनी असं सगळं एकत्र आलं की धोका याच्या काही पट होतो. तुम्हाला कुणी "काही होत नाही हो, साधी टेस्ट आहे" असं सांगितलं असेल तर ते बरोबर नाही. तरीही तो शेकड्याच्या खालच्या अंकांतच राहतो.

आणखी एक गोष्ट वेगळी करून बघा. अँजिओग्राफी म्हणजे फक्त चित्र. स्टेंट टाकणं ही पुढची पायरी, तिचे धोके वेगळे: गुठळीचे कण पुढे वाहून जाऊन बारीक वाहिन्या तुंबणं, रक्तवाहिनीला चीर जाणं, स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी होणं. दोन्ही एकाच बैठकीत होतात म्हणून संमतीपत्रावर एकच सही घेतात, पण प्रश्न दोन विचारायचे.

नळी घालायची जागा आता बहुतेक ठिकाणी मनगट असते. मांडीतून घातली तर रक्तस्राव जास्त होतो, आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन घेतलेल्या माणसात तर फारच. मोठ्या अभ्यासांतून मनगटाची बाजू स्पष्ट झालेली आहे. "मनगटातूनच करणार ना?" एवढं विचारायला संकोच करू नका. आणि आत्ता कणकवलीत असेपर्यंत उजव्या मनगटाजवळ वारंवार सुया टोचू नयेत, हे नर्सताईंना सांगून ठेवा. टेनेक्टेप्लेसनंतर पहिला दिवस कमरेत किंवा दंडात स्नायूंमधलं इंजेक्शन देऊ नये, हेही त्यातच येतं. आपल्याकडे अंगदुखीला डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन द्यायची सवय आहे. इथे ते रक्तस्रावासाठीही वाईट, किडनीसाठीही आणि हृदयासाठीही.

किडनीवर थोडा जास्त थांबतो, कारण तुमच्या वडिलांच्या बाबतीत खरा काळजीचा मुद्दा हाच आहे. पंपिंगपेक्षाही. 66 वय आणि 1.7 क्रिएटिनिन म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, रिपोर्टवर ईजीएफआर म्हणून लिहितात ती, साधारण 40 ते 45 च्या घरात. डायमुळे किडनीला बसणारा धक्का दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन वाढून दिसतो आणि बहुतेकांत एक ते तीन आठवड्यांत उतरतो. डायलिसिसपर्यंत जाणारे फार थोडे, आणि त्यातले बहुतेक ईजीएफआर 30 च्या खालचे किंवा शॉकमधले. मात्र सगळा दोष डायचाही नसतो. पंपिंग कमी असलं की किडनीला रक्तच कमी पोचतं आणि क्रिएटिनिन त्यामुळेही वाढतं. शनिवारच्या आधीचा एखादा जुना रिपोर्ट घरी असेल तर शोधा. सहा महिन्यांपूर्वीही 1.6 होतं की 1.0 होतं, यावरून डॉक्टरांचा अंदाज बदलतो. पहिल्या बाबतीत साखरेने किडनी आधीच दमलेली आहे, दुसऱ्या बाबतीत ती अटॅकने दबली आहे आणि हृदय सावरलं की सावरेल.

किडनी वाचवण्याचा मुख्य उपाय म्हणजे शरीरात पाणी पुरेसं ठेवणं, म्हणजे सलाइन. पण 30 टक्के पंपिंगच्या हृदयाला भसाभस सलाइन लावलं की ते पाणी फुप्फुसात उतरतं आणि रात्री रुग्ण धापा टाकायला लागतो. त्यामुळे इथे हात सांभाळून द्यावं लागतं: हळू, मोजून, फुप्फुसं तपासत. ॲसिटिलसिस्टीनच्या गोळ्या आणि सोडाबायकार्बचं सलाइन यांचा पूर्वी बराच बोलबाला होता. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या प्रिझर्व्ह या मोठ्या अभ्यासात दोन्हींचा उपयोग दिसला नाही. खरा फरक पडतो तो डाय कमी वापरल्याने. नुसत्या चित्राला तीस ते साठ मिली पुरतो. प्लास्टी, म्हणजे बलून-स्टेंटने वाहिनी उघडणं, झाली की शंभर, दीडशे, कधी त्याहून जास्त. तुमच्या वडिलांसाठी शंभरच्या आत राहायचा प्रयत्न व्हावा, आणि एकापेक्षा जास्त ब्लॉक निघाले तर ते दोन वेगवेगळ्या दिवशी करावेत. साखरेची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर ती थांबवून, 48 तासांनी क्रिएटिनिन बघून मगच पुन्हा सुरू करायची. साखर तोवर इन्सुलिनवर सांभाळता येते.

डायच्या ॲलर्जीबद्दल एक किनारपट्टीचा गैरसमज. "मला कोळंबीने अंगावर उठतं, मग डाय चालेल का?" असं आपल्याकडे हमखास विचारतात. काही ठिकाणी त्यावरून तपासणी पुढेही ढकलतात. कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या यांची ॲलर्जी त्यांच्यातल्या प्रथिनांची असते. आयोडीनचा त्यात संबंध नाही, आणि डायच्या बाबतीत अशा माणसाला इतर कुठल्याही ॲलर्जीवाल्या माणसापेक्षा वेगळा धोका नाही. पूर्वी प्रत्यक्ष डायनेच त्रास झाला असेल, तर मात्र आवर्जून सांगायचं. त्याला आधी औषधं देऊन तयारी करता येते.

आता वेळेचं. अँजिओग्राफी चांगली की वाईट हा प्रश्न खरं तर "किती तासांनी आणि कुणाची" असा विचारायला हवा.

कॅथलॅब दोन तासांच्या आत गाठता येत असेल तर इंजेक्शनच्या भानगडीत न पडता थेट प्लास्टी, हा पहिला पर्याय. देवगड किंवा मालवणहून रात्री बारा वाजता ते जमत नाही, म्हणून तुमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी टेनेक्टेप्लेस दिलं ते अगदी बरोबर केलं. पहिल्या काही तासांत दिलेल्या या इंजेक्शनचं मोल फार मोठं आहे. 2013 सालच्या स्ट्रीम या अभ्यासात, जिथे तासाभरात प्लास्टी शक्य नव्हती अशा, दुखणं सुरू झाल्यावर लवकर आलेल्या रुग्णांना आधी इंजेक्शन आणि मग अँजिओग्राफी दिली, तेव्हा परिणाम थेट प्लास्टीच्या तोडीचे आले. पण त्यातच दुसरी एक गोष्ट होती: इंजेक्शन घेतलेल्यांपैकी 36 टक्क्यांना ते पुरेसं लागू पडलं नाही आणि तातडीने कॅथलॅबमध्ये न्यावं लागलं. म्हणूनच इंजेक्शननंतर तास-दीड तासाने ईसीजी पुन्हा काढतात. उंचावलेली रेष निम्म्याने तरी खाली आली नसेल, दुखणं चालूच असेल, बीपी पडत असेल, तर त्या रुग्णाला रात्र असो की पाऊस, लगेच हलवायचं. तिथे घाटाचा धोका पत्करायलाच हवा.

ज्यांना इंजेक्शन लागू पडलं त्यांची अँजिओग्राफी दोन ते चोवीस तासांच्या दरम्यान करावी, असं सांगतात. दोन तासांच्या आधी का नाही? पूर्ण डोस देऊन लगेच प्लास्टी करून पाहिली होती. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या असेंट-4 या अभ्यासात त्या गटात मृत्यू जास्त झाले आणि तो मध्येच थांबवावा लागला. गुठळी विरघळताना रक्ताची गोठण्याची ओढ काही काळ उलट वाढते, आणि रक्तस्रावही होतो. चोवीस तासांच्या पुढे फार का थांबायचं नाही? कारण गुठळी विरघळली तरी तिच्या खालची फुटलेली, खरबरीत जागा तशीच असते. तिथे पुन्हा गुठळी धरू शकते. तुमच्या वडिलांचे तीस-बत्तीस तास झालेत. गाडी सुटली असं अजिबात समजू नका, पण आठवडाभर रेंगाळण्यासारखंही हे नाही. आईंना वाटतं की दुखणं थांबलं म्हणजे संपलं. दुखणं थांबलं म्हणजे वाट मोकळी झाली, एवढंच. ती किती मोकळी झाली आणि किती दिवस राहील ते बाहेरून कळत नाही.

याच्या उलटही सांगायला हवं, कारण आमच्या व्यवसायात ते कमी सांगितलं जातं. समजा एखाद्याला अटॅक आला, तो चार-पाच दिवस घरीच राहिला, आता दुखत नाही, बीपी ठीक आहे, आणि अँजिओग्राफीत ती रक्तवाहिनी शंभर टक्के बंद सापडली. तिथे स्टेंट टाकून ती उघडायची का? मनाला वाटतं, उघडावी. 2006 सालच्या ओएटी या अभ्यासात अशा 2166 रुग्णांवर हे तपासलं. अटॅकनंतर तीन ते 28 दिवसांत बंद वाहिनी उघडून मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा हार्ट फेल्युअर यांत काहीही फायदा झाला नाही. मेलेल्या स्नायूला रक्त पोचवून तो उठत नाही. अशा रुग्णाला "ब्लॉक आहे, उद्याच करू" असं सांगितलं गेलं, तर दुसरं मत घ्यायला वेळ असतो.

हृदय बंद पडून सीपीआरने परत आणलेल्या आणि बेशुद्ध असलेल्या रुग्णांचंही तसंच. ईसीजीत रेष उंचावलेली असेल तर लगेच अँजिओग्राफी; नसेल तर घाई करून जीव जास्त वाचत नाहीत, हे कोॲक्ट (2019) आणि टोमाहॉक (2021) या दोन अभ्यासांत दिसलं. तिथे आधी मेंदू किती सावरतो ते बघायला सवड आहे.

तुमच्या वडिलांना या चित्रातून काय मिळेल? मुख्य म्हणजे पुढच्या मोठ्या वाहिनीत, जिला आम्ही एलएडी म्हणतो, किती अडथळा उरला आहे ते कळेल. तो मोठा असेल तर स्टेंट, आणि तिथला न मेलेला पण सुन्न झालेला स्नायू सावरायला वाव. पंपिंग 30 टक्के हा दुसऱ्या दिवसाचा आकडा आहे आणि त्यातला काही भाग अशा सुन्न स्नायूचा असतो. तो आठवड्यांनी परत काम करू लागतो. दुसरं, बाकीच्या वाहिन्या कशा आहेत. साखरेच्या रुग्णांत दोन-तीन वाहिन्यांत आजार निघणं अगदी सामान्य. 2019 सालच्या कम्प्लीट या अभ्यासात, 4041 रुग्णांत, अटॅकची वाहिनी उघडल्यावर दुसऱ्या वाहिन्यांतले मोठे अडथळेही पुढच्या काही आठवड्यांत काढले, त्यांना पुन्हा अटॅक कमी आले. पण शॉकमधल्या रुग्णात एकाच वेळी सगळं करायला गेलं तर नुकसान होतं. कल्प्रिट-शॉक (2017) मध्ये ते स्पष्ट दिसलं. म्हणून मध्यरात्री बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले की दुसऱ्या वाहिनीचं नंतर बघू, तर ती टाळाटाळ समजू नका. तिसरं, डाव्या वाहिन्यांच्या मुख्य खोडाचा किंवा तिन्ही वाहिन्यांचा आजार निघाला तर स्टेंटऐवजी बायपासचा विचार होईल. आणि थोड्या जणांत, शंभरातल्या पाच-दहांत, मोठा ब्लॉक निघतच नाही. तेव्हा आजार दुसरा असू शकतो आणि औषधंही बदलतात.

सीटी अँजिओग्राफीबद्दल विचारलंत. "नळी नको, स्कॅन करा" हे ऐकायला सुटसुटीत वाटतं. पण सीटीतही डाय जातोच, शिरेतून, आणि कधी कधी जास्तच. किडनीचा प्रश्न तसाच उरतो. चित्र स्पष्ट यायला नाडी सावकाश करावी लागते, आणि ताज्या मोठ्या अटॅकमध्ये त्यासाठी औषधं चढवणं शहाणपणाचं नाही. साखरेच्या रुग्णांच्या वाहिन्यांत कॅल्शियम साचलेलं असतं, तिथे सीटी गडबडते. आणि ब्लॉक दिसलाच तर पुन्हा नळी घालायचीच, म्हणजे डाय दोनदा. छातीत दुखतंय पण अटॅक नाही, अशा माणसासाठी सीटी उत्तम. तुमच्या वडिलांसाठी नाही.

निघण्याआधी एक गोष्ट कणकवलीतच व्हायला हवी: एको नीट, निवांत, पुन्हा एकदा. हृदयाच्या टोकाशी गुठळी आहे का, दोन कप्प्यांमधला पडदा फाटलाय का, झडपेची दोरी तुटली आहे का, हृदयाभोवती पाणी आहे का. पुढच्या भिंतीच्या मोठ्या अटॅकनंतरच्या पहिल्या आठवड्यात या गोष्टी घडतात. पडदा फाटला असेल तर सर्जन असलेल्या ठिकाणीच न्यावं लागतं, नुसती कॅथलॅब पुरत नाही. टोकाशी गुठळी असेल तर कॅथलॅबमध्ये डाव्या कप्प्यात नळी नेऊन डाय सोडायचा नाही. ती गुठळी सुटून मेंदूत जाऊ शकते. 30 टक्के पंपिंग आणि दमलेली किडनी असताना तो भाग तसाही वगळावा. एको झालेला असताना त्यात नवं काही कळत नाही आणि डाय मात्र खर्च होतो.

मग रस्ता. आपल्याकडच्या माणसाला नळीच्या धोक्याबद्दल सगळे विचारतात, रस्त्याबद्दल कुणी नाही. कणकवलीहून कोल्हापूर फोंडा घाटाने आणि गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल महामार्गाने, अंतरात फारसा फरक नाही. पावसाळ्यात मी घाटापेक्षा महामार्ग निवडेन. दरड कोसळली की दोन तासांचे सहा होतात, आणि वळणावळणांत आडव्या झोपलेल्या रुग्णाला उलट्या सुरू झाल्या की श्वासनलिकेत जायची भीती. मात्र गोव्यात गेलात तर आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना तिथे त्या दिवशी चालते का, हे निघायच्या आधी फोनवर विचारून घ्या. कोल्हापुरात योजनेतली हॉस्पिटलं आहेत, पण तिथेही खाट आणि डॉक्टर आहेत का ते विचारायचंच. गणपतीच्या दिवसांत चाकरमान्यांच्या गाड्यांनी महामार्गही तुंबतो. सकाळी लवकर निघा.

गाडी साधी "पेशंट गाडी" नको. मॉनिटर, शॉक देण्याचं मशीन, ऑक्सिजन, आणि ते वापरता येणारा माणूस. 108 च्या ताफ्यात अशा सुसज्ज गाड्याही असतात. कणकवलीच्या डॉक्टरांनीच ती मागवावी. एवढा मोठा अटॅक झालेल्या हृदयात अचानक धोकादायक ठोके सुरू होऊ शकतात, आणि त्यावर शॉक मिनिटांत द्यावा लागतो. राजापूर-लांज्याकडून किंवा वेंगुर्ल्याहून रुग्ण नातेवाइकांच्या ओम्नीत मागच्या सीटवर झोपवून आणलेला मी पाहतो तेव्हा मला अँजिओग्राफीच्या जोखमीची चर्चा फार विचित्र वाटते.

पैशांचं थोडक्यात. पिवळं, केशरी, पांढरं, जे रेशनकार्ड असेल ते आणि आधार सोबत घ्या, आणि पोचल्याबरोबर हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला, गाठा. तातडीच्या रुग्णाची मंजुरी फोनवरून घेता येते. अँजिओग्राफीचा खर्च पॅकेजमध्ये धरतात की वेगळा, हे आधी विचारा, नंतर वाद घालू नका. योजनेबाहेर करत असाल तर स्टेंटची कमाल किंमत केंद्र सरकारने 2017 पासून बांधलेली आहे. बिलावर स्टेंटचं नाव आणि किंमत स्वतंत्र ओळीत मागा.

स्टेंटला होकार देण्याआधी घरच्यांनी आपसात एक गोष्ट ठरवा. त्यानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, साधारण वर्षभर, एकही दिवस न चुकवता. गावात गोळ्या संपल्या, पावसामुळे एसटी आली नाही, चार दिवस राहिल्या, आणि स्टेंटमध्ये गुठळी होऊन दुसरा अटॅक, तोही पहिल्याइतकाच मोठा: हे होतं. महिन्याच्या गोळ्या जास्तीच्या घरात ठेवा. शौचाला काळं होत असेल, पूर्वी अल्सरमधून रक्त गेलं असेल, हर्नियाचं किंवा प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर ते अँजिओग्राफीच्या आधी सांगा, स्टेंट पडल्यावर नाही. गोळ्या बंद करायला कुणीही सांगितलं, अगदी दात काढणाऱ्यानेही, तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं.

काकांनी "नाहीच केली तर?" असं विचारलं तर त्यांना खोटी भीती घालू नका. औषधांवरही माणसं जगतात. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, स्टॅटिन, बीपी आणि हृदयावरचा ताण कमी करणारी औषधं, यांनीच मोठा भाग सांभाळला जातो, आणि अँजिओग्राफी झाली तरी ती चुकत नाहीत. वडिलांचं वय 86 असतं, स्मृतिभ्रंश असता, ईजीएफआर 15 असता किंवा त्यांनी स्वतः शुद्धीवर असताना नको म्हटलं असतं, तर मीही औषधांवरच ठेवलं असतं आणि त्यात कमीपणा मानला नसता. पण 66 वर्षांचा, परवापर्यंत कलमांना पाणी घालणारा माणूस, पुढची मुख्य वाहिनी, आणि इंजेक्शन लागू पडलेलं: यात वाचवण्यासारखा स्नायू बराच असण्याची शक्यता आहे. वडिलांना स्वतःला कुणी विचारलं का, हे तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही. ते शुद्धीत आहेत. त्यांना विचारा.

जाताना शनिवारचे दोन्ही ईसीजी, इंजेक्शन दिल्याची वेळ लिहिलेला कागद, एकोचा रिपोर्ट, जुना-नवा क्रिएटिनिन आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घ्या. परतताना अँजिओग्राफीची सीडी किंवा लिंक मागून घ्या. नुसता छापील रिपोर्ट पुढच्या डॉक्टरला पुरत नाही. तिथून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोडलं तर क्रिएटिनिन तिसऱ्या दिवशी कणकवलीत तपासा, आणि लघवी कमी झाली किंवा रात्री आडवं झोपवेनासं झालं तर त्याच दिवशी दाखवा. पंपिंगचा एको सहा आठवड्यांनी पुन्हा काढायचा आणि मग तीन महिन्यांनी. तेव्हाही 35 च्या खाली राहिलं तर छातीत बसवायच्या शॉक देणाऱ्या यंत्राबद्दल बोलावं लागेल, त्याआधी नाही.